हात-पायाचं घड्याळ

"घड्याळाची किंमत काय?" राजे विश्वासरावांनी विचारलं.

"एक हात आणि एक पाय!" हॉकिन्स नावाचा गोरा व्यापारी उसासा टाकून म्हणाला.

"दिला!" राजे म्हणाले.

दिवाण त्रिंबकपंत हळूच पुढे झाले. "सरकार, ही त्यांच्याकडची बोलण्याची रीत आहे. वस्तू फार महाग असली की विलायतेत असं म्हणतात. खरंच कोणी काही तोडून देत नाही."

"असेल! पण आम्ही भर दरबारात 'दिला' म्हणालो. शब्द मागे घ्यायची रीत आमच्याकडे नाही!"

हॉकिन्सचे डोळे चमकले. "मग हात-पाय द्या, सरकार. नाहीतर त्याच्या बदल्यात पिंपळखोरं गाव माझ्या नावे करा."

"गाव मिळणार नाही. हात-पाय मिळतील."

राजांनी दरबारावर नजर फिरवली. सरदारांनी हात अंगरख्यात घेतले. दिवाणजींनी पाय गालिच्याखाली सरकवले. दाराशी पालखीचा भोई हैबती उभा होता. त्याला लपवायला अंगरखा नव्हता.

"ह्याचे दणकट दिसतात," राजे म्हणाले.

हैबतीची लेक ठकी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडत होती. तिच्या हातातला तांब्या निसटला. ती तशीच पुढे आली.

"सरकार, साहेबांना एक विचारू?"

"विचार."

"साहेब, हात-पाय कोणाचे, ते सौद्यात ठरलं होतं?"

"नाही. कोणाचेही चालतील!" गावावर डोळा ठेवून हॉकिन्स म्हणाला.

"दरबारानं ऐकलं ना?"

"ऐकलं!"

"मग साहेब, जरा उठता का?"

हॉकिन्स उठला. ठकीनं त्याची खुर्ची आडवी पाडली, तिच्यावर गुडघा रोवला आणि कडाकड दोन तुकडे उपटून त्याच्यापुढे ठेवले.

"हा खुर्चीचा हात, हा खुर्चीचा पाय. घ्या!"

"हे तर लाकूड आहे!" हॉकिन्स ओरडला.

"आणि घड्याळ कशाचं आहे?"

दिवाणजींनी घड्याळावर टिचकी मारली. "लाकडाचंच आहे, सरकार."

राजे इतके हसले की पगडी कानावर आली. त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकीला दिलं आणि हैबतीला सगळ्या भोयांचा नाईक केलं. घड्याळ भिंतीवर चढलं. हॉकिन्स साहेब एक हात आणि एक पाय काखोटीला मारून निघून गेला.