भर दुपारचा दिवा

एका बंदराच्या गावात तुळाजी नावाचा रंगारी राहत होता. त्याच्या निळीला दूरवर मागणी, म्हणून गावच्या पेढीने त्याला तांब्याचा बिल्ला दिला होता. बिल्ला दुकानाच्या फळीवर वाजवायचा, हवं ते न्यायचं आणि पुनवेला पैसे चुकते करायचे. पण त्या वर्षी तुळाजीचं सगळं कापड घेऊन निघालेलं गलबत बुडालं. देणं इतकं झालं, की फेडता फेडता जन्म सरला असता.

अशा माणसासाठी गावात एक रीत होती. त्याने भर दुपारी आपल्या दारात दिवा लावायचा. मग पंच येत, विकण्याजोगं असेल ते ज्यांचं देणं असे त्यांच्यात वाटत आणि उरलेलं देणं माफ करत. रंगाचे रांजण आणि डोक्यावरचं छप्पर तेवढं त्याला राही. मात्र पंच आधी एक विचारत: दिवा लावायचं ठरल्यावर बिल्ला कुठे वाजला का? वाजला असेल, तर दिवा विझवला जाई. मग माफी नाही आणि रांजणही नाहीत.

तुळाजीने दुसऱ्या दिवशी दिवा लावायचं ठरवलं. ते कळताच त्याच्या बायकोचा, मैनाचा, भाऊ हैबती आला. म्हणाला, "ताई, माफच व्हायचंय, तर आज बिल्ला वाजवून घे. तुमचं कधी ठरलं, हे पंचांना कोण सांगणार?"

मैनाने त्याला वाटेला लावलं खरं, पण मांडीवर पोरगी होती. पोरगी नुसती शिंकली तरी मैनाला वैद्याचं दार दिसू लागे. उद्यापासून हिला काय खायला घालायचं? फक्त तूप आणावं, तेही हिच्यासाठी. लेकराच्या नावाने आई स्वतःला काय वाटेल ते पटवून देते.

गोदूमावशी ही तूप विकणारी म्हातारी विधवा. मैनाने तिच्या फळीवर बिल्ला वाजवला. मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यात मोठं मडकं उतरवून ती म्हणाली, "गलबताचं कानावर आलं गं. पोरीला उपाशी ठेवू नकोस. पुनवेचं पुनवेला बघू."

मैना मडकं घेऊन निघाली आणि वळणावर थबकली. एवढासा तांब्याचा तुकडा. त्याच्या किमतीत चमचाभर तूपही आलं नसतं. मग मावशीने एवढं मडकं कशावर दिलं? मैनाच्या अंगावर काटा आला. गाभाऱ्यात शिरल्यावर बोलणं आपोआप थांबतं, तसं तिचं मन गप्प झालं. ती तशीच मागे फिरली.

"मावशी, उद्या आम्ही दिवा लावणार. हे तूप मला नेता यायचं नाही."

मावशीने मडकं परत जागेवर ठेवलं. आपण चांगल्या वागलो की नुसत्याच घाबरलो, हे मैनाला दिवसभर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात दिवा लागला. उन्हात ज्योत धड दिसतही नव्हती. सगळा बाजार जमला. पंचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तुळाजी नाही म्हणणार, तोच मैना पुढे झाली.

"वाजला. काल, गोदूमावशीकडे. यांना ठाऊक नाही."

तुळाजीचा चेहरा उतरला. थोरले पंच दिवा विझवायला वाकले.

"थांबा," गर्दीतून गोदूमावशी म्हणाली. "वाजला, आणि तूप परतही आलं. दिव्याचं मला हिनेच आधी सांगितलं. बुडवणारे पुष्कळ बघितले, पण बुडवायच्या आधी येऊन सांगणारी ही पहिलीच."

मग तिने कनवटीची वात काढली, मैनाच्या दिव्यावर पेटवली आणि म्हणाली, "माझं मागचं येणं मी सोडलं." हाताच्या आडोशाने ज्योत जपत ती आपल्या दुकानाकडे चालू लागली. पंच हात मागे घेऊन उभे राहिले. कासारानेही आपलं येणं सोडून वात पेटवली, मग कोष्ट्याने, मग वाण्याने. कोणी कोणाला सांगितलं नाही. बघता बघता भर उन्हात साऱ्या पेठेत दिवे लागले, आणि त्या उन्हातही ते दिसत होते. थोरल्या पंचांनी डोक्यावरचं पागोटं उतरवून हातात घेतलं.

तुळाजीच्या दारातला दिवा कोणी विझवला नाही. बिल्ला मोडला गेला. रांजण राहिले.

तात्पर्य: तांब्याचा बिल्ला असो की खिशातलं क्रेडिट कार्ड, त्यावर मिळतो तो दुसऱ्याचा विश्वास. आपल्याच्याने फेडणं होणार नाही हे कळलं, की दिवाळं जाहीर करण्याआधी कार्ड बाजूला ठेवावं. पुढे माफच होणार म्हणून आज घेतलेली वस्तू ही उधारी नसते, ती चोरी असते.