भिंतीपलीकडचा हंडा

लहानथोरांनो, पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. तिथली थंडी अशी, की गार पाण्यानं न्हाऊ घातलेलं तान्हं मूल जगत नसे.

त्या गावात घरोघर दोन चुली पेटत. एक स्वयंपाकाची, दुसरी मोरीतली, अंघोळीच्या पाण्याची. अंघोळीचा हंडा स्वयंपाकाच्या चुलीवर चढवायचा नाही, अशी रीत होती. गावालगतचं लाकूड एका चुलीपुरतंच पुरे, म्हणून बायका दुसरी मोळी आणायला कड्यावर जात.

अशीच गेलेली एक बाई कड्यावरून कोसळून मेली. मागे तिचं तान्हं बाळ, म्हातारी आत्या आणि धाकटा भाऊ उरले.

तेरावा झाला आणि आत्यानं कोयता-दोर उचलला.

"आत्या, त्या कड्यावर आता कोणी जायचं नाही!"

"मग बाळाचं पाणी कशावर तापवू? तुझ्या रागावर?"

भाऊ ताडकन बाहेर गेला आणि घराच्या भिंतीला टेकून रडला. तिथूनच धुराडं वर गेलं होतं. पाठीला चटका बसला. आत भाकऱ्यांसाठी चूल पेटली होती, आणि तिची निम्मी आच आभाळात चालली होती!

ती ऊब मोरीत यावी म्हणून त्यानं पहार घेतली आणि चूल व मोरीमधली भिंत फोडली. घर धुरानं भरलं.

"आता होती ती चूलही घालव!" आत्या खोकत ओरडली.

धुराला वर जायला वाट लागते, हे त्याला तेव्हा उमगलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चुलीमागून मातीची चढती नळी काढली, मोरीतल्या हंड्याच्या बुडाखालून फिरवली आणि वर धुराड्याला जोडली.

गाव जमलं. गावचा म्हातारा कडाडला, "रीत मोडलीस, पोरा!"

"आजोबा, चूल स्वयंपाकघरातच आहे. हंडा मोरीतच आहे. भिंत ओलांडली ती फुकट जाणाऱ्या उबेनं. तिला कसलं सोवळं?"

म्हाताऱ्यानं हंड्यात बोट बुडवलं. "अगं आई गं, भाजलं की!"

सारे हसले. शेवटची भाकरी उतरली तेव्हा हंड्यातून वाफा निघत होत्या. आत्यानं गार पाण्याचं विसण घातलं, बाळाला पायांवर घेतलं आणि न्हाऊ घातलं. बाळ लालबुंद होऊन हातपाय झाडू लागलं.

पंधरा दिवसांत घरोघर पहारी चालल्या. मोरीतल्या चुली कायमच्या विझल्या. त्या हिवाळ्यात कड्यावर कोणी गेलं नाही, पुढेही कधी नाही. वाटेवर कमरेएवढं गवत माजलं.

बोध: नव्या लाकडासाठी जीव धोक्यात घालण्याआधी, पेटलेल्या चुलीची वाया जाणारी ऊब कामाला लावावी.