शेजारची खुर्ची

मँचेस्टरच्या मराठी मंडळात दिवाळीचा फराळ झाला, तरी अध्यक्ष डॉक्टर गद्रे कुणाला लवकर घरी जाऊ देत नसत. यंदा त्यांनी वाद काढला, ब्रिटनमधलं कोणतं शहर खेळांत सगळ्यांत यशस्वी? फुटबॉल, क्रिकेट, रग्बी, सायकलिंग, सगळ्याचे गुण तेच फळ्यावर मांडत होते. त्यामुळे लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो मागे पडली आणि मँचेस्टर पहिलं आलं, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या उमाताई खाडिलकरांकडे गेली. त्या समुद्रकाठच्या एका लहान शहरातून एकट्याच आल्या होत्या.

"उमाताई, तुमच्या शहराने काय जिंकलंय?"

"काही नाही. फुटबॉलमध्ये दर शनिवारी हरतं."

लोक हसले. गद्र्यांनी फळ्यावर शून्य काढलं.

"असू दे," उमाताई म्हणाल्या. "पण डॉक्टर, तुमच्या शहराने शेवटचा चषक जिंकला, तेव्हा तुम्ही कुणाला मिठी मारलीत?"

"मिठी? मी घरी टीव्हीवर बघत होतो. मुलं सिडनीला. घरात आहे कोण?"

"आमचे हे गेले, त्यानंतर मी मैदानावर गेले, तर आमच्या रांगेतल्या गोऱ्यांनी माझ्या शेजारच्या, यांच्या नेहमीच्या खुर्चीला क्लबचा मफलर बांधून ठेवला होता. मला त्यांची आडनावंही ठाऊक नाहीत. आम्ही हरलो, आणि एकेकाने मला जवळ घेतलं. त्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. याचे किती गुण?"

गद्र्यांनी शून्य पुसलं. खडू खाली ठेवला.

हॉल रिकामा झाल्यावर ते हळूच जवळ आले. "येत्या शनिवारी तुमच्याकडे तिकीट मिळेल?"

"मिळेल," उमाताई म्हणाल्या. "स्वेटर घालून या. हरेपर्यंत बसावं लागतं."