कोष्टीपेठेतलं सहा हातांचं घर

पेठेत विजेचा एकही खांब उभा राहिला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. तापीकाठच्या आमच्या कोष्टीपेठेत सोमाजी बेलदार नावाचा गवंडी होता. त्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघायची गरज पडत नसे, असं म्हणतात. पण सगुणा कोष्टिणीच्या जागेनं त्याला पुरतं चक्रावून टाकलं.

जागा सहा हात रुंद, चाळीस हात लांब. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. सगुणेची दोन तान्ही बाळं उन्हाळ्याच्या झळांनी गेली होती आणि तिसरं वैशाखात यायचं होतं. "सोमाजीदादा, मला थंड घर तेवढं द्या," ती म्हणाली, आणि त्यानं देवासमोर शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण वारा आणायचा कुठून? त्यानं दर्शनी भिंतीत मोठ्या खिडक्या ठेवल्या. झळा आत आल्या आणि आतच ठाण मांडून बसल्या. ती भिंत पाडून त्यानं बिनखिडक्यांची बांधली, तर भर दुपारी दिवा लावायची पाळी आली. तीही पाडली.

सगुणेची सासू समोरच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावरून ओरडे, "अरे, गवंडी आहेस की उंदीर? नुसतं उकरतोयस! सुनेचे दिवस भरत आले!"

"आजी, मलाच काही उमगत नाही हो," तो खाली मान घालून म्हणे.

फाल्गुनात त्यानं थापी खाली ठेवली आणि रिकाम्या जागेत नुसता बसून राहिला. सगुणेनं कुलदेवीला पाच मंगळवार बोलले आणि सासूचा हात धरला. "आत्याबाई, चला आत. त्यांना काही विचारू नका."

तिसऱ्या दिवशी समोरच्या सावरीचा कापूस उडत आत आला, असं म्हणतात. जमिनीलगत सरकत तो मागच्या टोकाला गेला आणि तिथून सरळ वर, आभाळात. मग दुसरा पुंजका. त्याचीही तीच वाट.

सोमाजी उठला. मागच्या टोकाला त्यानं धुराड्यासारखी उंच पोकळी काढली, दाराशी खाली बुटक्या जाळ्या बसवल्या, उजेडापुरता मधे चौक सोडला आणि ऊन खाली उतरू नये म्हणून छपराच्या धाब्यावर मातीखाली कुंभाराची टाकून दिलेली मडकी पालथी घातली.

वैशाखात बाळ आलं. बाहेर कडुनिंब करपत होता आणि आत सगुणेनं भर दुपारी गोधडी मागितली! बाळ जगलं. पेठ सोमाजीच्या पाया पडू लागली, पण तो तसाच गोंधळलेला. "मला तर काहीच सुचत नव्हतं. मग हे केलं कुणी?"

म्हातारपणी तो त्या पोकळीखाली बसून वर बघत राही. एके दिवशी तिथं नुसतं त्याचं पागोटं सापडलं. वाऱ्याबरोबर गेला, असं म्हणतात. खरंखोटं देवीला ठाऊक.

अजूनही पेठेत घर बांधायला काढलं की पहिला दिवस सोमाजीचा. गवंडी हत्याराला न शिवता रिकाम्या जागेत बसतो, घरची बाई त्याच्यापुढे दहीभाताचं पान ठेवते, आणि दिवस मावळेपर्यंत 'काय ठरलं?' असं त्याला कुणी म्हणजे कुणी विचारत नाही.