हुंगलेला मोगरा

मोगऱ्याच्या बागेत राहूनही मोगऱ्याचा वास कसा असतो, हे बकुळाला ठाऊक नव्हतं. राजाची बाग ती! तिथलं फूल न् फूल देवीचं, आणि हुंगलेलं फूल देवीला चालत नाही. म्हणून माळ्याची ही गरीब पोर नाकावर पदर घट्ट बांधून इवल्या इवल्या कळ्या खुडायची. ताटात कोरडी भाकरी, आबांची पाठ वाकलेली, झोपडी गळकी. काळजी मात्र टोपलीभर! उन्हाची काळजी, किडीची काळजी, एखादी काळजी करायची राहून तर गेली नाही ना, याचीसुद्धा काळजी!

त्या टोपलीत काल मोठ्ठी भर पडली. लहानपणापासून तिच्याशेजारी बसून वेडेवाकडे हार ओवणारा युवराज मृगांक म्हणाला, "बकुळे, लग्न करीन तर तुझ्याशीच."

"हळू बोला, युवराज! झाडांनाही कान असतात."

"असू देत. आईलासुद्धा सांगून आलोय."

"अगं बाई! मग काय म्हणाल्या राणीसाहेब?"

राणीसाहेब म्हणाल्या होत्या, "उद्या तिनं देवीसाठी न हुंगलेला हार आणावा. आणला तर सून. एक जरी फूल हुंगलेलं निघालं, तर ती आणि तिचा बाप बागेबाहेर!"

सकाळी बकुळानं हार ओवला. दुधासारखा शुभ्र, दवानं चमचमणारा. तो हातांवर घेऊन ती निघाली, तोच जास्वंदीखालून चिमुकला आवाज आला, "ए ताई!"

कोळ्याच्या जाळ्यात अंगठ्याएवढी परी अडकली होती. तिचे निळे-गुलाबी पंख दवानं चिकटले होते. "पंख असे चिकटलेले असताना ऊन लागलं, तर मी विरघळून जाईन. एक उबदार फुंकर घाल ना गं!"

बकुळा जाळ्याशी वाकली. फुंकर घालायची म्हणजे पदर सोडायचा, आणि हार तर नाकाशीच! खाली ठेवला तर मातीनं बाटणार. आबांना घेऊन कुठे जायचं? युवराजांना काय सांगायचं? तिकडे उन्हाची सोनेरी कड पानापानावरून सरकत जवळ येत होती. परीचे पंख थरथरले.

बकुळानं पदर सोडला. फूऽऽ!

जाळं तुटलं, पंख झळाळले. आणि बाहेर गेलेला श्वास आत आलाच की! गार, गोड, चांदण्यासारखा वास. बकुळा आधी हसली, मग रडली.

"एक इच्छा माग," परी तिच्या खांद्यावर बसून म्हणाली. "पण झालेली गोष्ट पुसता येणार नाही. आणि ज्या माणसाची सगळ्यांत जास्त भीती वाटते, त्याच्यासमोरच मागायची."

"नियम तरी जरा सोपे ठेवायचे गं!" बकुळा पुटपुटली.

देवळात राणीसाहेब नाकावर रेशमी पदर बांधून उभ्या होत्या. शेजारी मृगांक, डोळ्यांत आशेचे दिवे लावून.

"न हुंगलेला आहे ना?"

तिला वास घेताना पाहिलं तर कुणीच नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही, राणीसाहेब. एका जिवाला फुंकर घालायची होती. पदर सोडला, आणि वास आला."

मृगांकचा चेहरा उतरला. राणीसाहेबांनी दाराकडे बोट केलं. "चालती हो!"

"जाते. पण एक इच्छा मागून जाते." बकुळा खांद्याकडे वळली. "राणीसाहेबांनाही एकदा हा वास कळू दे."

खांद्यावर काहीतरी लुकलुकलं. रेशमी पदर आपोआप सुटला. राणीसाहेबांनी श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"लग्न होऊन आल्यापासून रोज फुलं वाहतेय मी," त्या हळूच म्हणाल्या. "देवीला काय देतेय, ते आज कळलं. पोरी, खोटं बोलली असतीस तर मला कधीच कळलं नसतं गं. आण तो हार."

त्यांनी स्वतःच्या हातानं तो देवीला घातला. विझू पाहणारी समई लख्ख उजळली. त्या उजेडात परीनं एक गिरकी घेतली आणि ती सोनेरी कणाकणांनी उजेडातच मिसळून गेली.

आबांना नवं घर मिळालं, बागेतच. नाकावरचे पदर सगळ्यांचे सुटले. आणि लग्नाचा हार? तो मृगांकनं हट्टानं स्वतः ओवला, चांगलाच वेडावाकडा. भर मांडवात बकुळाला एकच काळजी, हा आता सुटतो की मग सुटतो!

नाही सुटला.