खाडीकाठचे उंच दिवे

"मग बाबा, तुम्ही एकदाही वर पाहिलं नाहीत?"

उन्मेषने पुन्हा तेच विचारलं. इसाकबाबा खाडीकडे तोंड करून बसले होते. हातातले मणी आपल्या चालीने सरकत होते.

खाडीच्या मुखाशी बंदर होतं आणि बंदराला लागून मालाचं अवाढव्य आवार. लोखंडी पाइपांच्या चळती, कोळशाच्या राशी, मान उंचावून उभ्या असलेल्या क्रेन. आवाराच्या कुंपणाबाहेर, उंडीच्या झाडाखाली, या म्हाताऱ्या फकिराचा तकिया होता, म्हणजे त्याची बसण्या-राहण्याची जागा.

उन्मेष पाटणकर आवारातल्या विजेचा मुख्य इंजिनियर. बदली होऊन आला तेव्हा त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. एका संध्याकाळी सहज इथे येऊन टेकला आणि मग येतच राहिला. मला काहीतरी शिकवा, असं तो बाबांना कितीदा तरी म्हणाला होता. बाबा म्हणायचे, बस. तो बसायचा. पण मनातून आवारातच हिंडत असायचा.

त्या वर्षी त्याने मोठंच काम तडीस नेलं होतं. पूर्वी रात्रपाळीचे दिवे डिझेलच्या जनरेटरांवर चालत. धुराने घसे धरत, घरघरीने कान किटून जात. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. उन्मेषने ती यंत्रं हलवली. गोदामांच्या छपरांवर सौर पॅनल अंथरली, माडांच्याही वर जातील असे खांब उभारले. दिवसभराचं ऊन बॅटऱ्यांत साठायचं आणि तिन्हीसांजा झाल्या की खांबांच्या माथ्यावर दिवे आपोआप उमलायचे. पलीकडच्या तीरावरची माणसं ते बघायला काठावर येऊन उभी राहत.

सगळ्यांनी वाखाणलं. बाबा तेवढे काही बोलले नाहीत, आणि ते उन्मेषच्या जिव्हारी लागलं होतं.

"दिवसाचं ऊन रात्रीसाठी राखून ठेवलंय मी," तो म्हणाला. "आता या आवारात अंधाराला पाय ठेवायला जागा नाही, बाबा."

मणी थांबले.

"डोळे मीट."

"पण बाबा..."

बाबांनी आपला खरबरीत तळवा त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

आधी काहीच नव्हतं. मग ओहोटीचं पाणी चिखलाशी लाडीगोडी करत मागे सरकताना ऐकू आलं. कुठे तरी दोर करकरला. दूरवर एका होडीची वल्ही पाण्यात पडत लांब गेली. एक पाखरू झोपेतच काही पुटपुटलं... इतके महिने तो या काठावर येत होता, पण खाडीला आवाज आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. अंग हलकं झालं. आपणही त्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघालो आहोत, असं त्याला वाटू लागलं...

टक्.

तेही त्या गुंगीतलंच वाटलं.

टक्... टक्...

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी हात काढला नाही. "कुठून येतंय?"

उन्मेषने मिटल्या डोळ्यांनीच बोट उचललं. त्याचं बोट पाइपांच्या चळतींकडे वळलं होतं.

तळवा दूर झाला. "मग इथे कशाला बसलायस?"

तो धावत सुटला.

शेवटच्या चळतीतले पाइप घसरून भिंतीला टेकले होते. त्या सांदीत, चळतीच्या काळ्या सावलीत, धाकू निवळकर अडकला होता. माल बांधणाऱ्यांतला एक. पाय पाइपांखाली, छाती भिंतीशी दाबलेली. ओरडायला श्वासच पुरत नव्हता. हातात आलेल्या दगडाने तो पाइपावर ठोकत होता, तेही आता मंदावत चाललं होतं. त्याचे सोबती पलीकडच्याच रांगेत लख्ख प्रकाशात काम करत होते; ती टकटक त्यांना कामाचीच वाटली असावी.

उन्मेषने क्रेन बोलावली. पाइप एकेक करून उचलले जाईपर्यंत तो सांदीत हात घालून धाकूचं मनगट धरून बसला होता. धीर धर, असं तो सांगत होता, की स्वतःलाच बजावत होता, हे त्याला नंतर आठवेना. धाकू निघाला. पाय मोडला होता, जीव वाचला होता. त्याला गाडीत घालताना सोबत्यांतला एकजण रडू लागला. हा चहाला गेला असेल असंच आम्ही धरून चाललो, कुणी हाकही मारली नाही, असं तो सांगत राहिला.

उन्मेष तकियावर परतला तेव्हा त्याचे हात गंजाने माखले होते. बाबा तसेच बसले होते. तो खाली मातीत बसला.

खाडीवर दिव्यांचे लांबलचक पट्टे तरंगत होते, लाटेसरशी मोडत होते, पुन्हा जुळत होते.

"बाबा... सुई पडली तरी सापडावी एवढा उजेड होता तिथे." तो म्हणाला. "आणि जिवंत माणूस कुणाला कळला नाही..."

बाबांनी पहिल्यांदाच मान वर करून त्या उंच दिव्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"उजेडात कोण कुणाला हाक मारतं, बेटा?"