बा म्हणजे कोण?

खाडीकाठच्या एका गावात गोमा नावाचा माणूस मीठ पिकवत असे. त्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण घरात मूल नव्हतं. बायको पदी हे दुःख कधी बोलून दाखवत नसे. गोमा मात्र मिठागरावरून परतताना मुद्दाम लांबच्या वाटेने यायचा. जवळच्या वाटेवर दारादारांत मुलं बापाची वाट बघत उभी असायची.

एका वर्षी कार्तिकात मोठं वादळ झालं आणि दूर समुद्रात एक गलबत फुटलं. सकाळी गोमाला किनाऱ्यावर एक मुलगी सापडली. तिला लुगड्याच्या पट्टीने फळीला बांधलेलं होतं. जेमतेम दोन वर्षांची असेल. त्याने तिला उचललं तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बा."

त्या गावात बापाला बा म्हणत. गोमा तिला घेऊन तिथेच वाळूत बसला.

गावाने चौकशी केली. गलबतावरचं कोणीच वाचलं नाही, असं कळलं. मुलगी गोमाच्या घरी राहिली. पदीने तिचं नाव हौसा ठेवलं. हौसा खायची, खेळायची, पण बोलायची तो एकच शब्द. घाबरली की बा, झोप आली की बा. गोमा हातातलं काम टाकून धावायचा. पण कडेवर घेतल्यावरही ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची आणि पुन्हा म्हणायची, "बा." गोमाला ते दिसत होतं. त्याने मनावर घेतलं नाही.

माघात कारवारकडचं एक गलबत मीठ भरायला आलं. बांधावर उभी असलेली हौसा सवयीने "बा" म्हणाली, तसा एक खलाशी पोतं खाली ठेवून तिच्याजवळ आला.

"तुला कोणी बोलावलं?" गोमाने विचारलं.

"हिनेच की. आमच्या कानडीत बा म्हणजे ये."

खलाशी हसला, गोमाही हसला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तो पदीला म्हणाला, "मी ऐकतो तेव्हा तो बाप होतो. तो खलाशी ऐकतो तेव्हा ये होतो. ही म्हणते तेव्हा काय असेल?"

"कुणाला विचारू नका," पदी म्हणाली.

त्याने बरेच दिवस कुणाला विचारलं नाही. मग गुजरातेतलं एक गलबत आलं, आणि गोमा हौसाला घेऊन आपल्या पायांनी गलबत चालवणाऱ्या तांडेलाकडे गेला. "तुमच्याकडे बा कुणाला म्हणतात?"

"आईला," तांडेल म्हणाला. त्याने हौसाकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. "आमच्या घोघा बंदराच्या धक्क्यावर एक बाई असते. कार्तिकात तिला एका गलबताने पाण्यातून काढलं. मुलीला तिने आपल्या हाताने फळीला बांधलं होतं. येणाऱ्या प्रत्येक माणसाला मुलीबद्दल विचारत असते." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात, तर मी तिथे काही बोलणार नाही. पोर लहान आहे, विसरून जाईल."

गोमाने हौसाच्या पायाला लागलेली माती पुसली. "गलबत कधी सुटणार?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पदीने हौसाला न्हाऊ घातलं, केस विंचरले आणि गोमाच्या हातात दिलं. निरोप द्यायला ती धक्क्यावर आली नाही.

घोघ्याला एक वाळलेली बाई गलबतापाशी आली. तिने मुलीला तिच्या मूळ नावाने हाक मारली, "जिवी." हौसाने तिच्याकडे पाहिलं. "बा," ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली नाही. गोमाच्या गळ्याभोवतीचे हात तिने आपणहून सोडले. बाई गोमाच्या पाया पडून खूप काही बोलत होती. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

तो घरी परतला तेव्हा पदीने विचारलं, "रडली का?"

"नाही. आईच्या खांद्यावर लगेच झोपली."

पदी म्हणाली, "आपल्याकडे तिला झोप लागायला फार वेळ लागायचा." मग तिने दोघांची पानं वाढली. दोघांनाही जेवण गेलं नाही, पण ती दोघं एकमेकांजवळ बसून राहिली.

तात्पर्य: माया करणाऱ्याने हाक आपल्याला हवी तशी ऐकू नये; हाक मारणाऱ्याला कोण हवं आहे ते विचारावं, आणि उत्तर मिळालं की त्याप्रमाणे वागावं.